उपाशी ठेव तिला

गावाच्या नावात झरा आहे, काल्फोंटेन.
गावात नाही.
मंगळवारी टँकर येतो. त्याच्या तासभर आधी
बादल्याच येऊन बसतात रांगेत,
कडेला कड लावून.

मी समुद्राकाठची. कारूतल्या या दवाखान्यात बदली झाली
तेव्हा अंगणात नुसती खडी होती,
आणि शेजारच्या ग्रीट स्लिंगर्सनं कुंपणावरून दिलेली
एक काडी. बोटभर.
"फेखी," ती म्हणाली, मधला 'ख' खाकरल्यासारखा.
तिच्या भाषेत चिमुकलं अंजीर.
मी काडी उलटी करून पाहिली. मुळं?
"फुटतील. त्यांना दुसरं काम काय आहे?"

मी तिला जपलं.
भांडी विसळलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं,
माझ्या वाट्याच्या पिण्याच्या पाण्यातलं अर्धं फुलपात्रसुद्धा
रोज संध्याकाळी बुंध्याशी.
तीन आठवड्यांत पानं फुगली, काचेच्या मण्यांसारखी,
मग बुडातून काळी पडली
आणि बोट लावताच लिबलिबीत, हातात आली.

ग्रीटनं वास घेतला.
चाळीस वर्षं तिनं शेडमध्ये लोकर निवडली आहे.
दोन अंगठ्यांत धागा ताणून सांगायची,
कुठल्या महिन्यात मेंढी उपाशी होती.
"लाडानं मारलीस," ती म्हणाली.
"उपाशी ठेव तिला. थोडी विसर.
आणि खत तर दाखवूसुद्धा नकोस,
नुसती पानं खात बसेल."
पदरच्या नसल्यासारख्या चार काड्या आणखी दिल्या.

विसरणं मला जमत नाही.
माझं कामच लक्षात ठेवण्याचं:
कुणाची साखर, कुणाचा दाब,
कोण या महिन्याच्या गोळ्या न्यायला आलं नाही.
रविवारी आई फोन करते, तिच्या मागे लाटा असतात,
मी त्याही मोजते.

तरी खडीत काड्या खोचल्या आणि पाठ फिरवली.
जुलैत बादलीतलं पाणी गोठलं.
काड्या जमिनीला चिकटून तांबूस झाल्या,
मेलेल्या नव्हेत,
रुसून भिंतीकडे तोंड करून निजलेल्या माणसासारख्या.
दोनदा हात बादलीकडे गेला.
दोनदा ग्रीट खोकली, कुंपणापलीकडे.

सप्टेंबरात एका बुधवारी जेवायला घरी आले
तर अंगणाला आग.
गुलाबी म्हणावं तर गुलाबीच दचकेल असा रंग,
औषधाला पान दिसेना.
आणि मधमाश्या. यांना कुणी कळवलं?
ताट मांडीवर घेऊन पायरीवर बसले,
जेवण गार झालं.
चार वाजता पुन्हा पाहायला धावत आले
तर सगळं मिटलेलं, जसं काही घडलंच नव्हतं.
ग्रीट हसली. "ढग आला तरी मिटतात.
इथं ढगाला कुणी भुलत नाही."

फुलं गेली. मागे राहिली वाळकी बोंडं,
सदऱ्याच्या बटणाएवढी.
मी कात्री घेऊन बसले,
तसा ग्रीटचा नातू एल्रिको ओरडला, "थांबा, सिस्टर!"
एक बोंड तळहातावर ठेवलं
आणि नेम धरून त्यावर थुंकला.

काही झालं नाही.
मग झालं.
पाच झाकणं सावकाश मागं कलली,
ओल्या तपकिरी चांदणीत बी,
मोहरीच्याही निम्म्याहून बारीक.
"पाऊस आला असं वाटतं त्याला," एल्रिको म्हणाला.
"आणि मग?"
"मग वाळतं. खोटं कळलं की दार लावून घेतं."
रागावतं का, असं विचारणार होते,
पण तो सायकलवर बसून गेलाही.

एक बोंड मी ॲप्रनच्या खिशात ठेवलं.
मंगळवारी टँकर उशिरा आला.
रांगेत, बादल्यांच्या मध्ये,
कुणी बघत नाही असं पाहून
मी बोट ओलं केलं.